खांडीतला शब्द

"खा! अजून दोन सुकेळी खा!" रामनाथ ओरडला. "बापूस सांगतो तं खा!"

हरेशनं ताटाकडे पाहिलं. ताटात तांदळाच्या तीन जाड भाकऱ्या, शेजारी तांब्याभर म्हशीचं दूध आणि नंदाखाल गावच्या मार्गारेटबायकडून आणलेली वाळवलेली केळी, म्हणजे सुकेळी. अजून उन्हं अंगणात उतरली नव्हती. पोरगा बावीस वर्षांचा, पण अंगानं असा की सदरा त्याच्या अंगात आहे की खुंटीवर टांगलाय हे लांबून कळू नये.

"बाबा, पोटात जागाच नाय."

"जागा नाय? आमच्या घरान्यात कोनाच्या पोटात जागा नाय असं आजवर झालं नाय! तुजा आजा बसल्या बैठकीला फणस संपवायचा."

"आजोबाला फणस आवडत असंल."

"उलट बोलतोस? खा गप!"

रंभा चुलीपुढे बसून हे ऐकत होती. रोजचंच होतं. आता हे म्हशीला बघायला गोठ्यात जातील, मग हरेश ताट हळूच आपल्याकडे सरकवेल, आणि आपण दाराकडे एक डोळा ठेवून ते भराभर संपवायचं. हरेश पाच वर्षांचा होता तेव्हा ताटात उरलं म्हणून बापानं पहिल्यांदा कानशिलात दिली होती, आणि त्याच दिवशी रंभानं पहिल्यांदा पोराचं ताट संपवलं होतं. आधी मार वाचावा म्हणून खाल्लं, मग अन्न टाकवत नाही म्हणून खाल्लं, आणि पुढे पुढे मुद्दाम खाल्लं. पोसलं एकाला आणि अंगी लागलं दुसऱ्याला. हरेश वाळल्या बोंबलासारखा राहिला आणि रंभा दर वर्षाला रुंद होत गेली. रामनाथला यात काही वावगं दिसलं नाही. बायका वयानं सुटतात आणि आमच्यातले पुरुष अंग उशिरा धरतात, असा त्याचा हिशेब होता.

मार्गारेटबायला मात्र शंका आली होती. "रंभा, एवढी सुकेळी नेतेस, नि तुजा पोरगा तं दिसतो असा," तिनं करंगळी दाखवली. "खातं कोन मग?" रंभा नुसती हसली होती.

आता पोराला एवढं खायला घालायचं कारण काय, ते सांगायला हवं. खाजणपाड्यात पुढारी कसा ठरतो हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला थापच वाटेल. गाव वसईच्या खाडीकाठचं. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये नुसता मातीचा बांध. काही वर्षांनी एकदा मोठ्या उधाणाला हा बांध एकाच कच्च्या जागी फुटतो. फुटून जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी आत आलं की उभं भात जातंच, वर दोन-तीन वर्षं जमीन मिठानं मारलेली राहते. मग खांड पडली की करायचं काय? तर गावातला एक जाडजूड माणूस त्या खांडीत बसतो. म्हणजे खरोखरच बसतो, पाठ खाडीकडे आणि तोंड शेताकडे करून. त्याच्या अंगानं पाणी अडलं की बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या जुड्या आणि चिखल ठोकतात. ओहोटी लागली की त्याला ओढून काढायचं आणि जागा मातीनं भरायची.

आणि जोवर तो खांडीत आहे तोवर त्याचा शब्द मोडायचा नाही, असा नेम. शब्द मोडला तर तो रागावून उठेल आणि तो उठला तर गाव बुडेल. इतका साधा कायदा, त्याला वकील लागत नाही. खांडीत बसलेला माणूस पुढच्या निवडणुकीला बिनविरोध सरपंच. रामनाथच्या आजानं खांडीत बसल्या बसल्या शेजाऱ्याच्या शेताच्या हद्दीची मेर दोन हात सरकवून घेतली होती. बापानं धाकट्या बहिणीचं लग्न तिथूनच जमवलं होतं. खुद्द रामनाथ एकदाच बसला. त्याला ऐन वेळी काही सुचेना, म्हणून त्यानं जास्त साखरेचा चहा मागितला आणि तेवढ्यावर तो आजपर्यंत सरपंच होता.

पण आता वय झालं होतं, त्यात हर्निया. विरारच्या डॉक्टरनं पाण्यात बसायला साफ मनाई केली होती. गादी चालवायची ती हरेशनं.

हरेशच्या मनात गादी नव्हती, मोटारी होत्या. मनवेलपाड्याला जयवंत मिस्त्रीचं दुकान होतं. जळलेल्या पाण्याच्या मोटारी उकलायच्या आणि तांब्याची तार गुंडाळून नव्यानं बांधायच्या. हरेशची बोटं बारीक आणि हात हलका. मिस्त्री म्हणाला होता, दिवाळीपर्यंत ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. हरेशनं हे आईला सांगितलं आणि आईनं बापाला.

"सरपंचाचा पोर तारा गुंडाळनार?" रामनाथ उसळला. "उद्या खांड पडली तं बसंल कोन?"

रंभाला त्याच खांडीची भीती होती. सासरा शेवटचा बसून आला तो कंबरेतून वाकलेलाच आला. पुढची चार वर्षं खाटेवर. त्याच्या कंबरेला तेल चोळून चोळून हिचे अंगठे दुखायचे. लोक म्हणायचे, काय मोठा माणूस. रात्री तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडायचा ते फक्त हिनं ऐकलं होतं. माझा पोर त्या भोकात जाणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. तोवर ती त्याचं ताट खात होती.

गादीला दुसरंही एक गिऱ्हाईक होतं, शेजारचा प्रल्हाद. भाद्रपदात बांधावर चिखल टाकायचं काम निघालं तेव्हा या दोघांची जुंपली.

"पुढारी जन्माला यावा लागतो," रामनाथ म्हणाला. "खान तशी माती. आमच्या रक्तातच खांड हाय."

"रक्तात नाय, सवयीत असतं," प्रल्हाद म्हणाला. "टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपन येत नाय. मी रोज पहाटे तळ्यात बसतो."

"म्हशीपन बसतात."

"म्हशीच्या मांडीवर दोन पाथर नसतात! माज्या असतात. नि मनोरमा मागून कळशीनं पाठीवर पानी ओतते. लाटेची सवय व्हावी म्हनून."

"ताप आलता तुला परवा."

"आलता. पन बसन्यात फरक पडलाय."

पुढारी जन्मतो की घडतो यावर दोघं तावातावानं हात नाचवत होते आणि चिखलाची पाटी रंभाच्या डोक्यावर होती. "वाद घालायचा तं बाजूला घाला," ती म्हणाली. "पाटी कुठं टाकू?" दोघांनीही ऐकलं नाही. तिनं पाटी दोघांच्या मधोमध ओतली आणि दुसरी आणायला गेली.

पंधरवडा सरला. सर्वपित्री अमावास्येला घरोघर पितरांचं पान वाढलं होतं. रामनाथ अंगणात उभा राहून "का, का" करत कावळ्याला बोलवत होता आणि कावळा शेवग्यावर बसून ढुंकून बघत नव्हता. वारा पश्चिमेचा सुटला होता, आभाळ भरून आलं होतं आणि दुपारची भरती चढत होती. तेवढ्यात बांधाकडून ओरडा आला, "खांड पडली! खांड पडली!"

पान तसंच टाकून गाव बांधाकडे पळालं. उघाडीच्या अलीकडे, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या अलीकडे, बांधाचा दोन हात तुकडा निघून गेला होता आणि खारं पाणी फेस काढत आत येत होतं. आत भात नुकतंच निसवलेलं, लोंब्या अजून दुधात. रंभानं ते पाहिलं आणि चिखलाची पाटी भरून डोक्यावर घेतली. वर्षाचे तांदूळ तिथे उभे होते.

"सरका!" प्रल्हादनं सदरा काढला, गावदेवीच्या दिशेनं हात जोडले आणि खांडीत उडी मारून बसला. बसला तो मात्र झोकात. मान ताठ, डोळे मिटलेले. त्याची बायको मनोरमा कौतुकानं म्हणाली, "बघा, कसे बसलेत." पण तळ्यातली लाट कळशीएवढी असते आणि खाडीची लाट खाडीएवढी असते. प्रल्हाद क्षणभर टिकला. मग बाटलीचं बूच उडावं तसा उडाला आणि पार रामनाथच्या शेतात जाऊन पडला.

"अवं, सवय केलती ना!" मनोरमानं कपाळावर हात मारला.

"ही लाट येगळी हाय!" प्रल्हाद चिखल थुंकत ओरडला.

खांड अजून हातभर रुंदावली. रामनाथचा चेहरा मात्र उजळला. "बघितलं? सवयीनं काय व्हतं ते बघितलं? ह्याला रक्त लागतं! हरेश, चल, बस!"

हरेश खांडीच्या काठाशी उभा होता.

"बाबा, मी वाहून जाईन."

"वाहून कसा जाशील? तुजा आजा गेला कं वाहून?"

"आजोबा केवढे होते, मी केवढा हाय!"

"बसल्यावर व्हशील! दोर आना रे!"

दोर आला. रामनाथनं तो पोराच्या कंबरेला बांधायला घेतला. एक वेढा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, तरी दोर उरलाच. रंभा बघत होती. एवढीशी कंबर. ही आपणच राखली, घासाघासानं राखली, आणि तरीही ती शेवटी दोरात गेलीच. तिला रडू आलं नाही, राग आला. तिनं डोक्यावरची पाटी खाली टाकली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पोराला कोपरानं बाजूला ढकललं आणि काही कळायच्या आत ती खांडीत उतरून बसली.

पाणी थांबलं.

गळती नाही, फेस नाही. दोन्ही अंगांना ती अशी चपखल बसली की खांड जणू तिच्याच मापानं पडली होती. मागून लाट आदळली. रंभा "आई गं" म्हणाली, पण हलली नाही. सगळा गाव तोंड उघडं टाकून बघत राहिला. रामनाथ सर्वांत जास्त.

"ही कवा एवढी झाली?" तो पुटपुटला. मग भानावर येऊन ओरडला, "ए, उठ! बाईमानूस कवा खांडीत बसलंय कं?"

"मंग उठव तिला," शेतातून प्रल्हाद म्हणाला.

कुणीच पुढे झालं नाही.

रंभाला आधी वाटलं लोक आपल्याला हसताहेत. मग तिच्या लक्षात आलं की ते वाट बघताहेत. "बघता काय?" ती म्हणाली. "डावीकडं जुड्या लावा, तिकडून गार लागतंय." चारजण धावले. "चिखल वरून नको, खालून ठोका." खालून ठोकला. रंभाला नवल वाटलं. लग्न होऊन या गावात आली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. पहिल्या सांगण्यात तिचं कुणी ऐकलं, असं आजच होत होतं.

"हरेशचे बापूस," तिनं हाक मारली.

"काय गो?"

"पोराच्या कंबरेचा दोर सोडा."

रामनाथनं दोर सोडला.

"दिवाळीची वाट नाय बघायची. उद्यापासून तो मनवेलपाड्याला जानार. मोटारी बांधायला."

"हे बघ, ते काय जमनार नाय. घरान्याची..."

रंभा बसल्या जागी जराशी सरकली. तिच्या बगलेखालून पाण्याची जाड धार सुटली आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांचे पाय भिजले.

"रामनाथ, गप!" अख्खा गाव एका सुरात ओरडला.

"जाऊ दे, जाऊ दे!" रामनाथ हात हलवत म्हणाला. "उद्या कशाला, आज जाऊ दे!"

रंभा परत जागेवर आली. तिची कंबर बधिर होत चालली होती, पायाशी चिंबोऱ्या फिरत होत्या, पाठीत लाटांचे रट्टे बसत होते. पण छातीवरचा सतरा वर्षांचा दगड उतरला होता. प्रल्हाद आता तिच्यापुढे उकिडवा बसला. माणूस हरला होता, पण मनानं बरा होता.

"वयनी, असा वखत परत येत नाय," तो कुजबुजला. "सरपंचपद मागून घ्या. नायतर आमच्या बाजूची मेर घ्या सरकवून. मी काय बोलनार नाय."

रंभानं विचार केला. आज हरेश सुटला. उद्या दुसऱ्या कुणाचा तरी हरेश असेल, आणि त्याच्या कंबरेला दोर.

"या भोकात परत कोनी मानूस बसनार नाय," ती म्हणाली. "इथं पाथर घाला. आमच्या अंगनात कपडे धुवायचा काळा पाथर हाय, तो आना."

जुड्या ठोकणाऱ्यांनी माना वर केल्या.

"पाथर?" एक म्हातारा म्हणाला. "पन पाथर कशाला घालायचा?"

"मंग मानूस कशाला घालायचा?"

म्हाताऱ्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडे. तीन पिढ्यांत हे कुणाला सुचलं नसेल असं नाही. पण सांगणार कोण? खांडीत बसलेल्या माणसाशिवाय कुणाचा शब्द चालत नव्हता, आणि खांडीत बसलेल्या माणसाला तर सरपंच व्हायचं होतं.

पाथर आणायला आठजण लागले. ओहोटी लागल्यावर रंभाला बखोटीला धरून ओढून काढलं आणि तिच्या जागी पाथर बसवून चिखलानं लिंपला. तिला सरळ उभं राहवेना. हरेशनं तिला बांधावर बसवलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिला. तो रडत होता आणि चोळत होता. "रडतोस कशाला?" ती म्हणाली. "सकाळची एस्टी चुकवू नको."

पुढे निवडणूक आली. गावदेवीच्या देवळात बैठक भरली. रीतीप्रमाणे खांडीत बसणाराच सरपंच. लोक रंभाचं नाव घ्यायला लागले तसा रामनाथ उठून उभा राहिला.

"आज या घडीला खांडीत कोन बसलंय? माझी बायको? नाय. पाथर बसलाय. आनि पाथर कोनाच्या अंगनातला? माज्या. म्हंजे खांडीत घरानं कोनाचं बसलंय?"

गावानं यावर बराच वेळ डोकं चालवलं. बोलण्यात चूक आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण ती कुठे आहे ते कुणाला दाखवता येईना. पाथराचा अर्ज काही भरता येत नव्हता, म्हणून पाथराचा मालक बिनविरोध निवडून आला. "मी बोललोच होतो," तो जो भेटेल त्याला सांगत सुटला, "पुढारीपन रक्तात असतं." रंभानं काही हरकत घेतली नाही. हरेश रोज सकाळी मनवेलपाड्याला जात होता आणि संध्याकाळी तांब्याच्या तारेचा वास घेऊन घरी येत होता. तिला तेवढं पुरे होतं.

गावाला मात्र पुरे नव्हतं. पहिल्याच महिन्यात प्रल्हादचं आणि त्याच्या भावाचं पेंढ्यावरून भांडण झालं. रामनाथनं निकाल दिला. भाऊ म्हणाला, "तू कं खांडीत हायस तुजं ऐकायला?" दुसऱ्या दिवशी दोघंही रंभाच्या दारात. "वयनी, जरा बांधावर येऊन बसता कं? दोन मिनटंच." रंभा शेंगा निवडत होती. सूप घेऊनच ती गेली, पाथरावर बसली, शेंगा निवडता निवडता दोघांचं ऐकलं आणि पेंढा वाटून दिला. दोघांनी मुकाट्यानं मान डोलावली, कारण शब्द खांडीतला होता. तेव्हापासून हेच सुरू झालं. नळाचं भांडण असो, देवळाच्या रंगाचं असो, रंभाकाकी पाथरावर बसली की सुटायचं. मागे छत्री धरून सरपंच उभा, पिशवीत पंचायतीचा शिक्का. ती बोलेल ते तो कागदावर उमटवायचा आणि घरी जाताना म्हणायचा, "पाथर आपला हाय म्हनून चाललंय हे सगळं."

वर्ष गेलं. एक दिवस रामनाथ बाहेरगावाहून खुशीत घरी आला. पाय धुतानाच बोलायला लागला.

"हरेशसाठी पोरगी ठरवून आलो. शब्द देऊन आलो. मी नीट विचार केलाय. आपल्या घरात पुढारीपन आता सुनेकडून येतं, हे तुज्यावरून दिसलंच. म्हनून मुद्दाम अंगानं भरलेली बघितली. दारातून आत आली तं उजेड गेला, अशी हाय! पुढच्या तीन पिढ्यांची काळजी मिटली."

हरेश जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "मना इचारलंत?" तो म्हणाला. "तिला तरी इचारलंत?"

"इचारायचं काय त्यात? घरान्याचा प्रश्न हाय."

रंभानं हात धुतले, पदराला पुसले आणि उंबरा ओलांडून अंगणात उतरली.

"कुठं निघालीस?"

"बांधावर."

रामनाथ तसाच ओल्या पायांनी तिच्या मागे धावला. "अगं, घरातलं हाय ते घरात बोल ना! मी ऐकतो हाय ना!"

"घरात बोललेलं कवा कोनी ऐकलंय," रंभा म्हणाली आणि चालत राहिली.

काकी बांधाकडे निघाली हे बघून लोक हातातली कामं टाकून निघाले. प्रल्हाद आला, मनोरमा आली, हरेश उष्ट्या हातानं आला. भरती चढत होती, पाणी पाथराच्या मागच्या अंगाला चुबूक चुबूक आपटत होतं. रंभानं लुगडं सावरलं, पाथरावर नीट मांड ठोकून बसली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हं, आता बोला. काय म्हनत व्हता सुनेचं?"

रामनाथनं एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा जमलेल्या गावाकडे पाहिलं.

"काय नाय गो," तो म्हणाला. "दोगांना इचारून बघू, असं म्हनत व्हतो."